झोळीतली पेटी

कार्तिक वद्य ५, शके १८४७. बीड.

मोहनराव हैदराबादेहून परत आला. हा माझा शाळासोबती. आम्ही दोघांनी एकाच मौलवीसाहेबांच्या छड्या खाल्ल्या. त्याला त्या वेळी एक वाक्य धड बोलता येत नसे आणि त्याच्या वाट्याचे उत्तर मी देत असे. आज त्याच्याजवळ फोटो काढण्याचा कॅमेरा आहे आणि अर्धे बीड त्याच्या ओसरीवर गोळा झाले आहे.

काय पाहतात लोक? एक लाकडी पेटी. तिला लोहाराच्या असतो तसा चामड्याचा भाता, पुढे भिंग, खाली तीन पाय. मी या गावात सहा वर्षे बोलतो आहे. दारूविरुद्ध बोललो, बालविवाहाविरुद्ध बोललो, वाचनालयासाठी बोललो. कोणी कधी माझ्या घशात वाकून पाहिले नाही.

घरी येऊन बायकोला, सावित्रीबाईंना, म्हणालो, ही नव्या तऱ्हेची मूर्तिपूजा आहे. त्या म्हणाल्या, "मला बी बघायचाय."

कार्तिक वद्य ७.

चौसाळ्याच्या मराठी शाळेचा अर्ज तालुकदार कचेरीतून पुन्हा परत आला. यापूर्वीही आला होता. या वेळचा शेरा असा की गावाला शाळेची गरज नाही, चार चळवळ्या लोकांनी उठवलेली ही हाकाटी आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस मिसल, म्हणजे या अर्जाचे सगळे कागद, कायमची बंद होणार.

मी कचेरीतल्या पेशकाराशी भांडलो. उभ्या उभ्या बोललो, आणि चांगले बोललो असे मला वाटते, कारण शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले. पेशकाराने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "माशाअल्लाह, वकीलसाब. मगर तकरीर मिसल में नहीं लगती."

भाषण मिसलीला जोडता येत नाही. हे वाक्य दिवसभर कानात खिळ्यासारखे आहे.

संध्याकाळी मोहनराव आला होता. त्याला हे सांगत असता सावित्रीबाई दाराआडून म्हणाल्या, "आन् फोटो लागतो का मिसलीला?"

मोहनराव हसला. म्हणाला, "वहिनी, वकील तुमीच व्हायला पाहिजे व्हतं."

चौसाळा हे तिचे माहेर. तिथे शाळा नव्हती, म्हणून लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हते. ते मी शिकवले. दिव्याची काजळी बोटाला लावून भिंतीवर पहिला 'ग' मी काढून दिला. हे मोहनरावाला ठाऊक नाही. ठाऊक असायलाही नको.

कार्तिक वद्य १२.

ठरले आहे. चौसाळ्यात सभा घ्यायची, मी बोलायचे, आणि जमलेल्या गावाचा फोटो काढून तो मिसलीला लावायचा. म्हणजे माझे भाषण आता फोटोसाठी माणसे जमवण्याचे साधन झाले. दवंडीवाल्याचे काम.

घरात दुसरा विषय नाही. फोटो आधी काचेवर उतरतो; त्या काचा वाटेत फुटू नयेत म्हणून त्या आडव्या न ठेवता पोथ्यांसारख्या उभ्या ठेवायच्या असतात. दोन काचांमध्ये सरकी काढलेला कापूस. पेटीवर धूळ बसू नये म्हणून जाड खोळ. पहाटेच्या दंवात पेटी उघडायची नाही, नाहीतर भिंगाला घाम येतो. उन्हात ठेवायची नाही, भात्याचे चामडे तडकते. मोहनराव हे नियम सांगतो आणि सावित्रीबाई एकदा ऐकून पाठ म्हणतात. मी म्हणालो, एवढे लाड करायचे तर हिला राणीसाहेब म्हणा. कोणी हसले नाही.

तिने नव्या गोधडीची खोळ शिवली. शिवाय माझे मलमलीचे जुने उपरणे फाडून भिंग पुसायला पुसणी केली, चारी बाजूंनी बारीक टीप घालून. मलमल मऊ लागते म्हणे. माझ्या अंगरख्याची खांद्यावरची उसवण दिवाळीपासून आहे. तिच्याविषयी मी काही बोललो नाही. सांगून घातलेला टाका मला नको.

मार्गशीर्ष शुद्ध २. पाली.

आज दुपारी निघालो. मी, सावित्रीबाई, मोहनराव आणि गाडीवान सिदू. गाडीच्या छपराला आतून झोळी बांधली आहे, लेकराला बांधतात तशी, आणि तिच्यात पेटी. गाडी कितीही आपटली तरी झोळी आपली सावकाश झुलत राहते. ही युक्ती सावित्रीबाईंची. मोहनराव म्हणाला, हैदराबादेत एका साहेबाने शिकवले तेही इतके चांगले नव्हते. ती लाजली. मी बाहेर ज्वारीकडे पाहत राहिलो.

वाटेत एका बाईने झोळी पाहून विचारले, "लेकरू निजलंय व्हय? लई शान्या गुणाचं दिसतंय." सिदू लगेच म्हणाला, "व्हय आत्या. आजून रडलं न्हाई." सगळे हसले. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. सावित्रीबाईही हसल्या. मग त्यांनी झोळीचा दोर उगाच एकदा तपासून पाहिला.

मी माझ्या पुस्तकांची थैली पायाशी घेऊन बसलो होतो. ती रस्ताभर आदळत होती.

मार्गशीर्ष शुद्ध ३. चौसाळा.

घाट चढून संध्याकाळी पोचलो. मोहनरावाला थंडी भरून आली आहे. हिवताप असावा. भिवराबाईंनी काढा दिला. या सावित्रीबाईंच्या चुलत्या. आई लवकर गेली तेव्हा यांनीच तिला वाढवले. घर शेतकऱ्याचे, गोठा मोठा, बोलणे मोकळे. मला त्या जावई म्हणून पाटावर बसवतात आणि मग माझ्या डोक्यावरून पलीकडे मोहनरावाला विचारतात, की त्या डब्यातून माणूस उलटा दिसतो हे खरे काय.

सावित्रीबाई इथे आल्या की वेगळ्या होतात. माहेरात पदर सावरावा लागत नाही. गोठ्यापासून वेशीपर्यंत मोठ्याने बोलतात. मी विचारले, उद्या बायका येतील ना सभेला? म्हणाल्या, "तुमचं ऐकायला येतील. आमच्याकडं तुमची बोली लई चालती." मला वाटते, मन राखण्यासाठी म्हणाल्या असाव्यात.

मार्गशीर्ष शुद्ध ४. चौसाळा.

जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. या वहीशी खोटे बोललो तर मग कोणाशी खरे बोलणार?

सकाळी मोहनरावाने कॅमेरा अंगणात तीन पायांवर उभा केला आणि ताप चढला म्हणून आत जाऊन पडला. मी ओट्यावर बसून भाषण मनात घोळवत होतो. भिवराबाई बाहेर आल्या. त्यांनी पेटीभोवती एक फेरी घातली. भिंगात वाकून पाहिले, त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असावा. मग त्या म्हणाल्या, कोणाला ते मला माहीत नाही, "एवढा मोठा डोळा. सगळं गाव बघंल. दिष्ट लागंल की गं बाई." आणि स्वतःच्या डोळ्यातले काजळ बोटाला घेऊन त्यांनी भिंगाच्या काचेवर तीट लावली. लेकराच्या गालाला लावतात तशी. मग कानशिलावर बोटे मोडून आत गेल्या.

मी सगळे पाहिले. काजळ म्हणजे तूप आणि काजळी. भिंगावर ते पसरले तर फोटोत धुके येणार, एवढे मला मोहनरावाच्या नियमांवरून कळत होते. दृष्ट लागणे, तीट लावणे, या समजुतींवर मी किती ठिकाणी आसूड ओढले आहेत! एका हाकेत सांगता आले असते. थोड्या वेळाने मोहनराव कण्हत बाहेर आला, न पाहता भिंगावर टोपण घातले आणि पेटी खोळीत गेली.

मी बोललो नाही.

का बोललो नाही, हे मी स्वतःला सभेपर्यंत विचारत होतो. शाळा मला हवी आहे. सहा वर्षे तिच्यासाठी घसा कोरडा केला आहे. पण ती माझ्या घशाने यावी, त्या काचेने नव्हे, असे माझ्यात कोणीतरी म्हणत होते. ते कोण आहे ते मला ओळखू येते, आणि त्याची मला लाज वाटते.

सभा उतरत्या उन्हात चिंचेखाली भरली. गाव आले. आसपासच्या वस्त्यांवरची माणसे आली, मेंढरे वाड्यात घालून धनगर आले. बायका एका अंगाला बसल्या. मी ओट्यावर चढलो आणि समोर पाहिले तर मोहनराव घोंगडी पांघरून बुंध्याशी बसलेला, दातावर दात आपटत. आणि कॅमेरा उभा. त्याच्या काळ्या कापडाखाली कोणीतरी वाकलेले. कापडाखालून हिरवे काठ आणि पायातली जोडवी दिसली. ती जोडवी मी ओळखतो.

सगळी सभा माझ्याकडे पाहत होती आणि माझी बायको त्याच्या कापडाखाली होती. केव्हा शिकवले त्याने? कुठे? हे मला कसे कळले नाही? ती मध्येच बाहेर आली, भिंगापाशी काही खुडबुड केली, पुन्हा आत गेली. मला वाटले, आता भाषण थांबवून ओरडावे, की त्या भिंगावर काजळ आहे. थांबवले नाही. रागाने तोंड आणखी सुटले.

काय बोललो ते नीट आठवत नाही. अंगठ्याचे बोललो, ते नेहमीचेच. "ज्या कागदावर तुम्ही हा उठवलात त्यात काय लिहिले होते, सांगा. तुमच्या बापाने उठवला त्यात काय होते, सांगा." असे म्हणून अंगठा उंच धरायचा आणि सभेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. प्रत्येकाला वाटले पाहिजे की तो त्याचाच आहे. त्याच वेळी कॅमेऱ्याशी एक हात पुढे झाला आणि भिंगाचे टोपण काढले गेले. बांगड्या वाजल्या. मला ऐकू आल्या, एवढी शांतता होती.

मार्गशीर्ष शुद्ध ६. पाली.

अंग दुखते आहे, तरी लिहितो.

मोहनरावाला बसवत नव्हते. त्याला गाडीत आडवे करावे लागले आणि त्यासाठी झोळी सोडावी लागली. घाटाच्या तोंडाशी सिदूने गाडी थांबवली. म्हणाला, "मालक, उतार लई वंगाळ हाय. काच गाडीत ऱ्हाणार न्हाई." सावित्रीबाई लगेच खाली उतरल्या, पदराची चुंबळ केली आणि म्हणाल्या, "द्या हिकडं. पाण्याच्या घागरी वाहिल्यात, ही काय जड हाय?"

ते मला सहन झाले नाही. त्याची पेटी, तिच्या डोक्यावर, घाटातून? मी उपरण्याची चुंबळ केली आणि पेटी माझ्या डोक्यावर ठेवून घेतली.

मी हे आयुष्यात कधी केले नव्हते. मान ताठ, नजर समोर, खालचा दगड पायाला कळेपर्यंत दुसरा पाय उचलायचा नाही. पेटीत ती काच होती, आणि ती वाया गेलेली आहे हे त्या उतारावर मला एकट्यालाच ठाऊक होते. तरी एक पाऊल घसरले तेव्हा मी हात जमिनीला न टेकवता पेटीला लावले आणि गुडघा फोडून घेतला. असे का केले, मला सांगता येणार नाही. वाया गेलेली काच फुटली असती तर माझी सुटकाच होती.

अर्ध्या घाटात बंकट नावाचा एक धनगर मेंढरे घेऊन वर येत होता. बाजूला सरून म्हणाला, "कासारदादा, बांगड्या का? कंच्या रंगाच्या हायत?" ज्याच्या सभेला दोन दिवसांपूर्वी तो कदाचित बसला असेल, त्याला त्याने कासार ठरवले. मी म्हणालो, "बांगड्या नाहीत. नुसती काच आहे." तो म्हणाला, "मंग जपून." मागून सावित्रीबाईंचे हसू ऐकू आले. गाडीत पडल्या पडल्या मोहनरावही हसला आणि त्याला खोकला लागला. दोघे एकाच वेळी हसले, हे मी ध्यानात ठेवले आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ९. बीड.

मोहनरावाला उतार पडला. धान्याच्या कोठीतल्या फटी शेणाने लिंपून, कंदिलाला लाल कापड बांधून त्याने आज भर दुपारी काचा औषधाच्या पाण्यात धुतल्या. सावित्रीबाई पाण्याचे ताट धरायला आत. दार बंद. मी बाहेर. धुके येणार, दार उघडणार, मोहनराव विचारणार, आणि मी काय सांगणार, ते तयार करत होतो.

दार उघडले. काच लख्ख होती. चिंचेचे पान न् पान दिसत होते.

मग माझ्या तोंडून निघूनच गेले, "आणि काजळ?"

सावित्रीबाई ओले हात पुसत माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "ते मी सभेतच पुसलं. तुमच्या उपरण्याच्या पुसणीनं. कापडाखालनं सगळं धूसर दिसाया लागलं, तवा बघितलं." मग म्हणाल्या, "काकूला सांगू नका, तिला वाईट वाटंल. पेटीच्या कडेला लावलीय मी तीट दुसरी." त्यांनी एवढेच विचारले नाही, की मला काजळ कसे ठाऊक. विचारले असते तर बरे झाले असते.

पेटीच्या कडेला खरोखरच काळा ठिपका आहे. मोहनराव तो पुसू देत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १०.

आज कागदावर फोटो उतरला. गाव कसे बसले आहे! भिवराबाईंची नथ दिसते. धनगरांच्या घोंगड्यांच्या दशा मोजता येतील. आणि ओट्यावर, जिथे मी उभा होतो, तिथे दोन पाय आहेत आणि पायांच्या वर पांढरा धूर. तोंड नाही, हात नाही, अंगठा नाही.

मोहनराव म्हणाला, टोपण काढल्यापासून चार आकडे मोजेपर्यंत जो हलेल तो येत नाही. सबंध सभेत दोनच जण हलले. मी, आणि कडेचे एक कुत्रे. कुत्र्याला दोन शेपट्या आल्या आहेत. म्हणजे त्याला निदान काही जास्तीचे मिळाले.

माझ्या सभेच्या फोटोत मीच तेवढा नाही. काजळाची शिक्षा काजळावाचून मिळाली.

मार्गशीर्ष वद्य ४.

फोटो घेऊन मी आणि मोहनराव तालुकदारसाहेबांपुढे उभे राहिलो. मी बोलण्याची तयारी करून गेलो होतो. साहेबांनी हात वर करून मला थांबवले आणि फोटो खिडकीशी नेला.

विचारले, "ये धुआँ किस का है?"

मोहनराव म्हणाला, "हुजूर, ये वकीलसाब हैं. तकरीर कर रहे थे, हिल गये."

पेशकार तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत. फोटो जवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "और ये सब? ये औरतें, ये गोद के बच्चे? इन में से कोई नहीं हिला?"

"नहीं हुजूर. चार गिनने तक कोई नहीं."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे, आणि मला बसायला खुर्ची दिली. त्या कचेरीत मला आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती. मिसल मागवून घेतली आणि माझ्यासमोर शाळेचा हुकूम लिहिला. मला एक शब्दही बोलू दिले नाही.

तर शेवटी असे झाले. सहा वर्षांच्या भाषणांनी जे झाले नाही ते एका काचेने केले. शाळा आली, याचा आनंद आहे. खरा आनंद आहे. पण परतताना मोहनराव "तुझ्यामुळं झालं बे" असे काहीतरी पुटपुटत होता, ते मला दयेचे वाटले आणि मी त्याच्याशी बोललो नाही.

मार्गशीर्ष वद्य ५.

सावित्रीबाईंनी फोटोची एक प्रत कोनाड्यात लावली आहे. जेवताना समोर येते. काल रात्रीपासून मनात होते ते आज विचारले: माझे भाषण तुम्हाला पाठ आहे, अंगठा मी केव्हा फिरवतो हे तुम्हाला ठाऊक आहे, मग टोपण नेमके तेव्हाच का काढलेत? आधी खूण केली असती तर मी क्षणभर थांबलो असतो. फोटोत आलो असतो.

त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी थांबला असता तर लोक हालले असते."

फोटो कोनाड्यातून काढून उजेडात नेला आणि पुन्हा पाहिला. एकेक चेहरा. मग होता तिथे लावला.

दुपारी अंगरखा घालताना लक्षात आले की खांद्याला टीप घातलेली आहे. बारीक, पुसणीला आहे तशीच. केव्हा घातली कोण जाणे, दोरा मळलेला आहे.

मार्गशीर्ष वद्य ८.

दिंद्रुडहून बोलावणे आले. त्यांनाही शाळा हवी आहे. पौषात जायचे, सगळ्यांनी. मोहनराव म्हणतो, तिकडची वाट नाल्यानाल्यांची आहे. झोळी बांधू, पण नाल्यांत पेटी डोक्यावर घ्यावी लागेल, ती तो घेईल.

आज परसात भरलेली कळशी डोक्यावर घेऊन मी विहिरीपासून तुळशीपर्यंत चाललो. थेंब सांडला नाही. मग मोहनरावालाही चालायला लावले. त्याची निम्मी सांडली.

पेटी त्याच्या डोक्यावर मी देणार नाही.